उजव्या पाट्याखालची पाचर

माझ्या नवऱ्याला सगळे ट्रकवाले 'नाकासमोर मिस्त्री' म्हणतात. खऱ्या नावाने विचारत कोणी आलं की समजायचं, माणूस बँकेचा आहे नाहीतर वीज खात्याचा. लग्न होऊन आले तेव्हा मला या नावाची लाज वाटायची. मग सवय झाली, आणि आता मीही त्यांना मिस्त्रीच म्हणते. रागात असले की 'अहो मिस्त्री'. आणि रागात मी पुष्कळदा असते.

वाकड्या चालणाऱ्या गाड्या सरळ करणं हे त्यांचं काम. लहान गाड्या नव्हेत, ट्रक. इंजिनाला ते हात लावत नाहीत, ब्रेकला लावत नाहीत. चाकं आणि ती जोडणारा अक्सल, बस्स. पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती कलली आहेत, मागचा अक्सल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, काटकोनात आहे का, पाट्यांचा मधला बोल्ट तुटून अक्सल सरकलाय का, हे बघायचं. इंचाच्या फरकासाठी माणूस दिवसभर ट्रकखाली पाठीवर पडून राहतो, आणि घरातली खाट मात्र वर्षानुवर्षं करकरते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या खाटेखाली आहे.

वर्कशॉप म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड. एक ट्रक आत मावतो, दुसऱ्याचं तोंड तेवढं सावलीत येतं. जमीन सिमेंटची, आणि ती गवंड्याकडून पाण्याची नळी धरून समपातळीत करून घेतलेली. घरी पाण्याचा नळ गळत होता तेव्हाची ही गोष्ट. भिंतीला जॅक, लाकडाचे ठोकळे, पाने, आणि खुंटीवर सुती दोरीचं गुंडाळं. ती दोरी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणायची आणि कुठे टेकते, कुठे फट राहते ते बघायचं. पुढच्या चौकात कॉम्प्युटरवर हेच काम करणारं दुकान निघालं तेव्हा मला वाटलं, आता आपला धंदा बसला. मिस्त्री स्वतः जाऊन ते यंत्र बघून आले आणि म्हणाले, "चांगलं आहे. माझी मान वाचेल." तेव्हापासून अवघड गाडी आली की ते दुकानवाल्याकडे जातात आणि दुकानवाला यांच्याकडे येतो. चहा मात्र दोघांचा माझ्याकडेच.

ट्रक आला की मिस्त्री आधी दोरी काढत नाहीत. आधी टायर. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवायचा, एकदा आत आणि एकदा बाहेर. चाक वाकडं चालत असेल तर रबर एका बाजूने गुळगुळीत लागतं आणि उलट बाजूने बोचतं, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसं. मग ड्रायव्हरला विचारायचं, काय होतंय. टायर एक सांगतो, ड्रायव्हर एक सांगतो. दोघांचं जुळलं तर काम सोपं. नाही जुळलं तर टायरचं ऐकायचं. हा नियम त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा. एवढ्या वर्षांत यांनी तो एकदाच मोडला, आणि तोही दाजींसाठी.

दाजी म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ट्रक चालवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. मिस्त्री शाळकरी असताना वडील गेले, आईने अंथरूण धरलं, तेव्हा ताई आणि दाजींनी यांना आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. दाजी फेरीवर असले की यांना त्यांच्या अंथरुणावर झोपायला मिळायचं, आणि ते आले की हे स्वयंपाकघरात. शाळा सुटली तेव्हा लोक म्हणाले, मेहुण्याला क्लीनर करून घे. दाजींनी ऐकलं नाही. म्हणाले, हा पोरगा रस्त्यावर नको, याच्या हाताला नीट काम शिकवतो. आणि म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दारात नेऊन उभं केलं. हे सगळं मला यांनी सांगितलेलं नाही. यांच्या तोंडून चार वाक्यं काढायची तर पकड लागते. ताईंनी सांगितलं.

दाजी तसे गमत्या माणूस. आमच्याकडे आले की दारातूनच ओरडायचे, "वहिनी, तुमचा मिस्त्री सरळ आहे की अजून तुम्हीच सरळ करताय?" मी म्हणायची, "दाजी, माझा जन्म पुरायचा नाही." माझ्या माहेरचं कोणी इतक्या मोकळेपणाने माझ्याशी बोललं नसेल.

तर ते एका सकाळी गाडी घेऊन आले. सिमेंटची पोती वाहणारा मोठा ट्रक, मालकाचा, पण दाजी तो नवा असल्यापासून चालवत होते. म्हणाले, "उजवीकडे ओढते रे. सारखी ओढते. संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो."

मिस्त्रींनी टायरवर हात फिरवला. आत गुळगुळीत, बाहेर गुळगुळीत. दोरी ताणली. दोरी जिथे टेकायला हवी तिथे टेकली. चाक ज्या खिळीवर वळतं ती किंगपिन बघितली, हवा बघितली, पुढचे टायर डावा-उजवा बदलून बघितले. मग स्वतः गाडी घेऊन फिरून आले.

"दाजी, मला तर सरळ वाटते."

"रिकामी आहे म्हणून. माल भरला की बघ."

तसं होऊ शकतं, म्हणून यांनी गाडी जाऊ दिली. पंधरवड्याने दाजी परत आले, तीच तक्रार. या वेळी माल भरलेला होता. मिस्त्री पुन्हा खाली गेले, पुन्हा दोरी, पुन्हा काही नाही. मी बाहेर बाकावर बसून शेंगा सोलत होते. दाजी वरून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी आधी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. अजिजी म्हणू का? दाजींच्या बाबतीत तो शब्द लिहायलाही मला आवडत नाही.

"तुला सापडत नाही म्हणजे मी खोटं बोलतोय का?" ते म्हणाले.

आता ज्याच्या घरात वाढलो, ज्याच्या अंथरुणावर झोपलो, त्याला असं विचारायला लावणं यांना जड गेलं. बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं? मिस्त्रींनी उजव्या बाजूचे पाटे मोकळे केले. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची चवड, तिच्याखाली अक्सल बांधलेला असतो. त्या दोहोंच्या मध्ये यांनी एक पाचर घातली. हातभर नाही, तळहाताएवढी. एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. ती घातली की त्या बाजूला अक्सल नखभर मागे कलतो आणि गाडी आपणहून दुसऱ्या बाजूला सरकायला बघते. उजवीकडे ओढणाऱ्या गाडीला डावी ओढ दिली, की दोन्ही मिळून सरळ. दुखणं न शोधता औषध दिलं, असं त्यांनीच पुढे मला सांगितलं. टायर काहीच बोलला नव्हता, आणि यांनी ड्रायव्हरचं ऐकलं होतं.

दाजी खूश झाले. दोन फेऱ्या मारून आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "मला माहीत होतं, तुलाच सापडणार." मिस्त्री हसले नाहीत. जेवतानाही हसले नाहीत. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, भाजी वाढ."

मग दाजींना ताप आला आणि मालकाने त्या ट्रकवर बदली ड्रायव्हर पाठवला. तो तिसऱ्या दिवशी आमच्या शेडसमोर गाडी उभी करून उतरला तोच शिव्या देत. पुलावर समोरून बस आली, त्याने ब्रेक लावला आणि गाडी डावीकडे गेली. आरसा कठड्याला घासून तुटला. अजून वीतभर गेली असती तर गाडी नदीत. आरशाची मोकळी दांडी दाखवत तो म्हणाला, "मिस्त्री, ही गाडी कोणी केली? माणूस मारायचाय का कोणाला?"

"मी केली," मिस्त्री म्हणाले.

तो माणूस बघतच राहिला. आणखी शिव्या देईल असं मला वाटलं, पण तो जाऊन बाकावर बसला. मी त्याला पाणी दिलं.

मिस्त्रींनी मालकाला फोन केला. गाडीत माझी चूक राहिली आहे, दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढू नका, म्हणाले. पाचर त्या दुपारी त्यांनी काढली नाही. ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून नुसते बसून राहिले. मी जवळ गेले.

"अहो, गाडी सरळ होती ना आधी?"

"होती."

"मग दाजींना का ओढायची?"

आणि मग मला जे आठवलं ते मी बोलून टाकलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. मागच्या महिन्यात मी ताईंकडे गेले होते. दाजी कामावर निघत होते आणि ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. मी चेष्टा केली, म्हटलं, या वयात काय हे कौतुक. दोघंही हसली नाहीत. चहाची कपबशीही दाजींनी उजव्या हाताने घेतली, आणि डावा हात मांडीवर तसाच होता, कोणीतरी ठेवून गेल्यासारखा.

मिस्त्री उठून केबिनमध्ये चढले. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मग डावा सैल सोडला. उजव्या हाताचा भार तेवढा चाकावर राहिला. चाक आपणहून उजवीकडे फिरलं. त्यांनी ते सरळ केलं आणि पुन्हा करून बघितलं. मी खाली उभी होते. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

पुढे डॉक्टरांनी दाजींच्या मानेतली नस दबल्याचं सांगितलं. हात हळूहळू, न दुखता जातो, आणि माणसाला स्वतःलाही बरेच दिवस कळत नाही. पण हे पुढे. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं, की गाडीला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या. बदली ड्रायव्हरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. घरात न येता त्या थेट शेडमध्ये गेल्या, आणि मीही मागोमाग गेले. नणंद-भावजयीत चोरून ऐकण्याची पद्धत असते, पण मी उघड उभी राहिले.

"पाचर काढलीस का?" ताईंनी विचारलं.

"अजून नाही."

"मग राहू दे."

"ताई, पुलावर काय झालं ऐकलंस ना?"

"तो दुसरा माणूस होता. हे चालवतात तेव्हा गाडी सरळ जाते. तूच केलीस तशी." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "अरे, त्यांना घरात बसलेलं मी बघितलं नाहीये कधी. तापाचे चार दिवस खिडकीपाशी खुर्ची ओढून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गाडी गेली तर ते जगणार नाहीत."

"हात उद्या आणखी जाईल, ताई. मग मी आणखी एक पाचर घालू?"

"घाल!"

"आणि परवा?"

ताई खाली बसल्या. त्या ग्रीसने काळ्या झालेल्या जमिनीवर, चांगल्या साडीत. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला. समोरून येणाऱ्या बसमध्येही कोणाचा तरी दाजी असतो, हे मी त्यांना सांगणार होते. सांगितलं नाही. त्यांना ते कळत नव्हतं असं थोडंच होतं?

"तुला आम्ही वाढवलं," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "हो." ताई उठल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आले होते हे त्यांना सांगू नका." आणि गेल्या.

त्याच दिवशी मिस्त्रींनी पाचर काढली. जॅकवर गाडी उचलली, बोल्ट सैल केले, पाचर ओढून काढली, बोल्ट पुन्हा आवळले. मग चौकातल्या दुकानात नेऊन यंत्रावरही तपासून घेतली. काही बाकी ठेवायचं नव्हतं त्यांना. मी म्हटलं, आता मालकाला सांगून टाका, गाडी दाजींना देऊ नका म्हणून. आपल्या तोंडाने दाजींना सांगावं लागणार नाही. हा सल्ला मी दिला होता, आणि तो भ्याडपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. बायकोने नवऱ्याला वाचवायला नको तर कोणी?

मिस्त्री म्हणाले, "त्यांच्या पाठीमागे नाही."

ताप उतरल्यावर दाजी गाडी न्यायला आले. अंगात नवा धुतलेला शर्ट, बटणं सगळी लावलेली. आल्या आल्या मला म्हणाले, "वहिनी, मिस्त्रीचं तोंड असं का? जेवायला देत नाही वाटतं."

"दाजी," मिस्त्री म्हणाले, "न्यायच्या आधी एक चक्कर मारू. तुम्ही चालवा. मी बाजूला बसतो."

"आणि मी मागे," मी म्हणाले. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण या माणसाला मी एकट्याला त्या केबिनमध्ये जाऊ देणार नव्हते. ड्रायव्हरच्या मागे झोपायला फळी असते, तिच्यावर मी बसले. तिथून मला दोघांचे खांदे आणि दाजींचे दोन्ही हात दिसत होते.

गोदामांच्या मागे नवा रस्ता झालाय, रुंद, सपाट, अजून वाहतुकीला न उघडलेला. तिथे गाडी आली. दाजींनी वेग घेतला. थोडं अंतर गेलो आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. दाजींनी तिला परत आणलं. पुन्हा सरकली.

"बघ," दाजी म्हणाले. "पुन्हा ओढते. तू काय केलंस? मागच्या वेळी चांगली केली होतीस."

"मागच्या वेळी मी पाचर घातली होती, दाजी. वाकडी केली होती गाडी. आता ती काढलीये."

"मग घाल ना परत."

मिस्त्रींनी रस्त्याकडे बघितलं. समोर काही नव्हतं. "दाजी, दोन्ही हात सोडा."

"काय?"

"स्टीअरिंग सोडा. दोन्ही हात."

दाजींनी त्यांच्याकडे बघितलं, आणि सोडले. उजवा आधी, डावा नंतर. डावा त्यांनी सोडला नाही, तो घसरला, हे मी बघितलं. गाडी चालत राहिली. कोणाचाही हात नसलेलं ते मोठं चाक जागच्या जागी थोडं हललं आणि स्थिर झालं. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ खिडकीशेजारून एकाच अंतरावर मागे जात राहिली. गाडी डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही.

दाजींनी हात परत ठेवले. रेघ जवळ यायला लागली. त्यांनी पुन्हा सोडले. रेघ जिथे होती तिथे राहिली. असं त्यांनी आपल्या मनाने आणखी एकदा केलं, आणि त्या वेळी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि बंद केली. केबिनमध्ये इतकं शांत झालं की तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज ऐकू यायला लागला. मिस्त्री मान खाली घालून बसले होते. त्यांनी आयुष्यात शेकडो ड्रायव्हरांना दोष दाखवून दिला असेल, पण तो नेहमी गाडीचा. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

दाजींनी उजव्या हाताने आपला डावा हात चाकावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं.

"गाडी चांगली केलीस," ते म्हणाले. "आता कोणीही चालवू शकेल."

"दाजी..."

"थांब. तू ये इकडे. मालकाकडे तूच नेऊन लाव." त्यांनी दार उघडलं, आणि मग उतरता उतरता पायरीवरच थांबले. "पण आधी मला घरी सोड. तुझ्या ताईला मी सांगतो. मेहुण्याने गाडी काढून घेतली असं तिच्या मनात यायला नको. मी सोडली, असं सांगतो."

समोरून वळसा घालून ते पलीकडच्या दाराशी आले. मिस्त्री सरकून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. पायरी उंच होती आणि दाजींना एका हाताने चढता येईना, तेव्हा मी फळीवरून खाली वाकले आणि त्यांचा दुसरा हात धरून त्यांना वर घेतलं. तो हात माझ्या हातात गार होता. त्याने माझा हात धरला नाही.